काम या रकान्यात

हरिपूरच्या पेवांवर मी मांजरांची नोंद ठेवते.
वही जाड, कडा पिवळ्या. इथं कागद पांढरा राहत नाही,
हात राहत नाहीत. माझ्या लेकीचा पहिला दातही
पिवळाच आला, असं सासूबाई म्हणायच्या.

जात, रंग, वय, मालक, काम.
रकाने पाच.

बाऊल. उंच पायांची, शेपटीला काळी कडी.
उसाच्या फडात राखण. पगार रोज एक उंदीर,
तोही तिनंच धरायचा.
तोडणीला कोयत्याच्या आधी ती आत शिरते
आणि सापाला उठवून बाहेर घालवते.
माणसाळून सतरा पिढ्या झाल्या,
पण तिच्या पाठीवरून कुणी हात फिरवल्याची
अजून एकही नोंद नाही.

शशकर्ण. कानांच्या टोकांना केसांचे झुपके.
सौद्याला रुमालाखाली दोन हात
बोटांनी भाव बोलतात, ती बाकावर डोळे मिटून असते.
बोट खोटं बोललं की मनगटातली नाडी अडखळते,
आणि ती कान वळवते.
एवढंच. पुढचं माणसांनी बघायचं.
नेमगोंडा बिरनाळे हल्ली सौद्याला येताना
दोन्ही मनगटांना गच्च फडकं बांधून येतो.

पाणमांजर हे मांजर नव्हे. तालुक्याहून तसा कागद आला.
पण संगमावर, जिथं वारणा कृष्णेत धसमुसळी घुसते,
तिथं नावेपुढं तेच पोहतं, भोवरा चुकवतं.
ते मी शेवटच्या पानावर ठेवलंय. पेन्सिलीनं.

आणि वाघाटी.
ओंजळीत मावेल एवढी, अंगावर गंजाचे ठिपके.
पेव फोडलं की आधी तोंड उघडं ठेवायचं,
मग कंदील सोडायचा, मग टोपलीतून वाघाटी,
मग माणूस.
हा क्रम कुठं लिहिलेला नाही.
चुकवणाऱ्यांची नावं मात्र गावाला पाठ आहेत.

आमच्या वाघाटीचं नाव कुडी.
दहा वर्षं पंचवीस फूट खाली उतरली,
दहा वर्षं शिंकत, पिवळी होऊन वर आली.
एकदाच, फाल्गुनात, रंगाप्पाच्या पेवावर
टोपलीत बसेना. ओरडली नाही, बोचकारलं नाही.
पाय आखडून घेतले, बस.
कंदील खाली सरळ जळत होता.
नेमगोंडा हसला, "ज्योत बघा की! मांजराला काय कळतंय?"
हुसेन शिकलगारानं ज्योत पाहिली, मांजर पाहिलं,
कमरेचा दोर सोडला
आणि विडी पेटवून बांधावर बसला.

दुसऱ्या दिवशी उतरला. हळद नीट, हवा नीट.
काही नव्हतं.
किंवा, काही झालं नाही.
या दोन वाक्यांत किती फूट अंतर आहे
ते मला आजवर मोजता आलेलं नाही.

मग महापूर आला. पेवांत पाणी गेलं, माती खचली,
हळद शीतगृहात गेली. तिथं हवा यंत्र बघतं.
हुसेन तिथंच फाटकावर असतो, टोपी घालून.
कुडी बुजलेल्या पेवाच्या तोंडावर बसते,
खालून कुणी हाक मारेल अशी.

नियम असा आहे : तीन वर्षं कामाचा रकाना कोरा राहिला
तर जनावर रानाच्या वहीत घालावं,
दंडोबाच्या डोंगरावर नेऊन सोडावं,
आणि नोंदणाऱ्यानं सही करावी.
यंदा तिसरं वर्ष.

काल रात्री दौत उघडली.
जात वाघाटी. रंग गंजाचा, मुळात.
वय चौदा. मालक, पेव बुजल्यापासून कुणी नाही.
काम :
एकदा नाही म्हणाली.

साहेब विचारतील, बाई, हे काय काम झालं का?
हुसेनला बोलवा, म्हणेन.
तो येईल. गुरुवार असला तर थोडा उशिरा,
हातात तिच्यासाठी वामीचं डोकं घेऊन.